शेजारी बसून पाहिलेले काम

आमच्या पिढीला नातेवाइकांचा धंदा सांगताना कधी अडचण आली नाही. कोणी तलाठी, कोणी मास्तर, कोणी एसटीत कंडक्टर, कोणी गिरणीत साच्यावर. नाव घेतले की काम डोळ्यांपुढे उभे राहायचे. आता घरटी एक तरी 'आयटीत' असतो आणि तो दिवसभर नक्की काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नाही. "कॉम्प्युटरवर असतो", एवढेच! माझ्या भाचीला मी एकदा सरळच विचारले, की बाई, दहा तासांपैकी तू प्रोग्रॅम किती तास लिहितेस? ती म्हणाली, "मामा, दिवस चांगला गेला तर दोन." मग उरलेले आठ? "अहो, तेच तर काम असते!"

या उत्तराने मला कामाला लावले. जन्मभर इतिहास शिकवलेला माणूस मी, कुठलीही गोष्ट कळत नसेल तर ती सुरू कधी झाली हे आधी बघतो. शोधताना कळले, की प्रोग्रॅम लिहिणारी माणसे प्रत्यक्षात कसे काम करतात याचा अभ्यास करणे हाच ज्यांचा उद्योग आहे अशी माणसे जगात आहेत, आणि त्यांची परंपरा अर्धशतकाहून जुनी आहे. मंडळी, मी काही संगणकातला जाणकार नव्हे. मराठी माध्यमातला बी.ए., डिक्शनरी शेजारी ठेवून वाचले. पण वाचता वाचता जे हाती लागले ते आयटीबाहेरच्यांनीही ऐकावे असे आहे, म्हणून हा प्रपंच.

माणसाचे काम पाहून मोजण्याची सुरुवात कारखान्यात झाली. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर हातात स्टॉपवॉच घेऊन मजुरांमागे उभा राहिला आणि १९११ साली त्याने आपल्या 'शास्त्रीय व्यवस्थापना'वर पुस्तक काढले. पुढे १९२४पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात दिव्यांचा उजेड कमीजास्त करून उत्पादन वाढते का हे पाहिले गेले. त्यातून एक प्रसिद्ध गोष्ट निघाली, की उजेड कसाही असो, आपल्याकडे कोणी लक्ष देऊन पाहत आहे म्हटले की माणूस जास्त काम करतो. पुढच्या संशोधकांनी मूळ आकडे तपासले तेव्हा गोष्ट वाटते तेवढी ठसठशीत निघाली नाही, पण ती चिकटली ती चिकटलीच. असो. एक खरे, की फावडे मारणाऱ्या माणसाचे फावडे तरी दिसते. खुर्चीत बसून भिंतीकडे बघणाऱ्या माणसाचे काय मोजणार?

हा प्रश्न १९६८ साली ऐरणीवर आला. त्या वर्षी ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी 'नाटो'च्या पुढाकाराने एक परिषद भरली. मोठमोठे प्रोग्रॅम वेळेत पुरे होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो, आणि पुरे झाले तरी चुकांनी भरलेले असतात, ही सगळ्यांचीच तक्रार होती. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द रूढ झाला तो या परिषदेपासून. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरसारखी शिस्त इथेही यावी, ही इच्छा त्या शब्दात होती.

त्याच वर्षी, परिषदेच्या काही महिने आधी, सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट या तिघांचा एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्यांना बघायचे होते वेगळेच. यंत्रासमोर बसून थेट काम करणारा प्रोग्रॅमर बरा, की काम लिहून देऊन उत्तराची वाट पाहणारा? त्यासाठी त्यांनी बारा अनुभवी प्रोग्रॅमरांना कोडी सोडवायला दिली. हाती आले ते भलतेच. एका कोड्यातल्या चुका काढायला एकाला ६ तास लागले, तर दुसऱ्याला १७०! म्हणजे अठ्ठावीसपट फरक. झाले, हा आकडा जगभर गेला. एक हुशार प्रोग्रॅमर अठ्ठावीस सामान्यांच्या तोडीचा, असे व्यवस्थापक एकमेकांना सांगू लागले.

पण ही बारा माणसे एकाच तराजूत घालण्यासारखी नव्हती. काही थेट यंत्रासमोर होती, काही नव्हती. काहींनी सोयीची वरच्या पातळीची भाषा वापरली, काहींनी यंत्राची भाषा. एक बैलगाडीने आणि दुसरा एसटीने पंढरपूरला गेला तर दोघांच्या पायांच्या ताकदीची तुलना करायची नसते! १९८१मध्ये थॉमस डिकी यांनी हे दाखवून दिले, आणि १९९९मध्ये जर्मनीत लुट्झ प्रेखेल्ट यांनी कितीतरी जास्त प्रयोगांची आकडेवारी गोळा करून 'अठ्ठावीसपट' ही चुकीची आणि दिशाभूल करणारी दंतकथा आहे असे स्पष्ट लिहिले. माणसामाणसांत फरक असतो, पण एवढा नव्हे. तरी तीस वर्षे त्या आकड्याने किती जणांचे पगार आणि बढत्या ठरवल्या असतील कोण जाणे.

दुसरी वाट जेराल्ड वाइनबर्ग यांची. १९७१ साली त्यांनी प्रोग्रॅमिंगच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यातला एक किस्सा मला फार आवडला. एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मोठी खोली होती. खोलीच्या एका टोकाला नाणे टाकून खाऊ-पेये घेण्याची यंत्रे होती आणि तिथे मुले घोळका करून गप्पा मारत. कोणीतरी गोंगाटाची तक्रार केली. साहेब आले, पंधरा मिनिटे पाहिले, आणि यंत्रे दुसरीकडे हलवली. आठवड्याभरात दुसरी तक्रार आली, की अडलेल्यांना मदत करायला जे दोन सल्लागार बसवले आहेत ते पुरेनासे झाले आहेत, त्यांच्यापुढे लांबच लांब रांग लागते! चौकशी केल्यावर उलगडा झाला. त्या घोळक्यात मुले एकमेकांचे प्रोग्रॅम सोडवत होती. साहेबांना गोंगाट दिसला, आणि त्याच गोंगाटात केंद्राचे निम्मे काम चालत होते.

पंधरा मिनिटे पाहणे हे पाहणे नव्हे, हे त्यातून मी घेतले. आमच्याकडे शाळा तपासणीला साहेब येत. आदल्या दिवशी फळे काळेभोर होत, टाचणवह्या पूर्ण होत, आणि ज्या मुलांना उत्तरे येतात ती पुढच्या बाकावर सरकत. साहेब तासाचा तुकडा पाहून शेरा लिहून जात. त्यांनी पाहिला तो तपासणीचा तास. रोजचा तास कसा असतो, कुठे मुले हरवतात, कुठले उदाहरण दिल्यावर त्यांचे डोळे लकाकतात, हे त्यांना कधी दिसले नाही. आणि टाचणवहीत तर ते कधीच नव्हते.

मध्यंतरी डोनाल्ड नुथ या थोर गणितज्ञांनी आणखी एक युक्ती केली. लोक कसे प्रोग्रॅम लिहावेत हे पुष्कळ सांगतात, पण प्रत्यक्षात लिहितात कसे? १९७१मध्ये छापलेल्या या अभ्यासासाठी त्यांनी इतरांचे खरेखुरे प्रोग्रॅम गोळा केले, आणि त्यासाठी केराच्या टोपल्याही धुंडाळल्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे लगेच कळेल. बखरीपेक्षा दप्तरातली रोजची चिठ्ठी जास्त खरे बोलते. मात्र टोपलीत लिहिलेला कागद सापडतो, लिहिणारा सापडत नाही.

लिहिणाऱ्याच्या खोलीकडे पाहिले ते टॉम डिमार्को आणि टिमथी लिस्टर यांनी. १९८४ ते १९८६ या काळात त्यांनी प्रोग्रॅमरांच्या स्पर्धाच भरवल्या. ९२ कंपन्यांतल्या सहाशेवर लोकांनी आपापल्या नेहमीच्या टेबलावर बसून एकच काम केले. भाषा कोणती, पगार किती, यावर फारसे काही अवलंबून नव्हते. चांगले काम करणाऱ्यांची जागा जास्त शांत आणि ऐसपैस होती, त्यांना कमी वेळा उठवले जात होते, आणि एकाच कंपनीतली माणसे साधारण सारखीच कामगिरी दाखवत होती. म्हणजे 'अठ्ठावीसपट हुशार' शोधत फिरण्यापेक्षा खोलीचे दार बंद होते का हे पाहिले असते तर बरे, अशातली गत! अर्थात शांत जागेने माणूस चांगले काम करतो, की चांगल्या माणसांना शांत जागा मिळते, हा प्रश्न उरतोच.

१९८८ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बिल कर्टिस, हर्ब क्रॅस्नर आणि नील इस्को यांनी १७ मोठ्या प्रकल्पांतल्या लोकांना भेटून त्यांच्या मुलाखती घेतल्या. घोडे कुठे अडते? त्यांना तीन ठिकाणे सापडली. पहिले, ज्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर करायचे त्या व्यवसायाचे ज्ञान फार थोड्यांपाशी असते. दुसरे, गिऱ्हाइकाच्या मागण्या बदलत राहतात आणि एकमेकींशी भांडतात. तिसरे, माणसांमधले बोलणे तुटते. तिन्हींत संगणक कुठे आहे? लग्नघरातल्या अडचणींची यादी केली तर हीच होईल.

आणि मग येतो मला सर्वांत मोलाचा वाटलेला अभ्यास. अमेरिकेत एटी अँड टी या टेलिफोन कंपनीत एक्स्चेंजचे अवाढव्य सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे होती. ड्वेन पेरी, नॅन्सी स्टॉडनमायर आणि लॉरेन्स व्होटा यांनी आधी त्यांना वेळेची रोजनिशी ठेवायला लावली. पण रोजनिशीवर विसंबायचे किती? म्हणून त्यांपैकी पाच जणांच्या शेजारी ते दिवसच्या दिवस बसले आणि दिसेल ते टिपून घेतले. १९९४मध्ये हे प्रसिद्ध झाले.

दिसले काय? एका दिवसाचे सलग काम पुरे व्हायला सरासरी अडीच दिवस लागत होते. माणसे आळशी म्हणून नव्हे. कोणाच्या तरी उत्तराची, यंत्राची, दुसऱ्याच्या तुकड्याची वाट पाहावी लागे, किंवा मध्येच दुसरे निकडीचे काम येऊन पडे. आणि प्रत्येकाची दिवसाकाठी सरासरी ७५ मिनिटे आधी न ठरलेल्या बोलण्यात जात होती. कोणी टेबलाशी येई, कोणी फोन करी, कोणी जिन्यात गाठे. रोजनिशी खोटी नव्हती, मोठ्या गोष्टी तिच्यात बरोबर उतरल्या होत्या. गळल्या होत्या त्या छोट्या. दोन मिनिटांचा प्रश्न, पाच मिनिटांचे उत्तर. संध्याकाळी आठवून लिहिताना असल्या गोष्टी कोणाला 'काम' वाटतच नाहीत.

तीन वर्षांनी, १९९७मध्ये, कॅनडातल्या जॅनिस सिंगर, टिमथी लेथब्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच आणखी स्पष्ट केले. एका टेलिफोन-सॉफ्टवेअर कंपनीत त्यांनी एकच प्रश्न निरनिराळ्या वाटांनी विचारला. प्रश्नावली भरून घेतली, माणसांच्या मागे सावलीसारखे बसून पाहिले, आणि कोणते साधन किती वापरले गेले याच्या नोंदी काढल्या. प्रश्नावलीत लोक म्हणाले, आम्ही माहितीचे दस्तऐवज पुष्कळ वाचतो. शेजारी बसून पाहिले तर दस्तऐवज मागे पडले. माणसे मूळ प्रोग्रॅमच उलगडून बघत होती आणि सारखी शोधत होती. हे नाव आणखी कुठे आले आहे, याला कोण हाक मारते, हे असे का लिहिले असेल. प्रोग्रॅमरच्या दिवसात 'शोधणे' केवढे मोठे आहे, हे अशा अभ्यासांनी दाखवले.

कोणी खोटे बोलत होते का? मला नाही तसे वाटत. माणसाला काम विचारले की तो आपले काम कसे असायला हवे ते सांगतो. आम्हीही 'आज काय शिकवले' याला टाचणवहीतलेच उत्तर दिले असते.

पुढच्या अभ्यासात आपली माणसे येतात. ल्यूसंट कंपनीतल्या जेम्स हर्बस्लेब आणि ऑड्रिस मॉकस यांनी इंग्लंड, जर्मनी आणि भारत अशा ठिकाणी विभागलेले काम तपासले. २००३ साली छापून आलेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दोन ठिकाणांत वाटले गेलेले काम एकाच ठिकाणच्या तशाच कामापेक्षा सुमारे अडीचपट वेळ खाई. कारण जिन्यातली भेट नाहीशी झाली. एका दारावर टकटक करून दोन मिनिटांत मिळणारे उत्तर मिळवायला आता समोरच्या देशात सकाळ व्हावी लागते. आमच्या कितीतरी घरांतली मुले रात्री नऊ-दहाला कानाला ते यंत्र लावून अमेरिकेशी बोलत बसतात. जेवण झाकून ठेवलेले, पोर झोपून गेलेले. ती त्या हरवलेल्या जिन्याची किंमत भरत असतात. हे वाचल्यापासून मी त्या फोनला वैतागणे सोडून दिले आहे.

मास्तर म्हणून मला भिडला तो २००८ सालचा अभ्यास. अँड्र्यू बेगेल आणि बेथ सायमन यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये नुकत्याच लागलेल्या आठ नव्या पदवीधरांना पहिल्या काही महिन्यांत जवळून पाहिले. मुले हुशार, प्रोग्रॅम लिहिता येत होता. अडत होती ती विचारण्यात. कोणाला विचारावे, कधी विचारावे, विचारले तर 'याला एवढेही येत नाही' असे वाटेल का... म्हणून ती तासन्‌तास एकटीच झगडत आणि फार उशिरा तोंड उघडत. याच्या एक वर्ष आधी त्याच कंपनीत एमी को, रॉब डिलाइन आणि जीना व्हेनोलिया यांनी १७ जणांना पाहिले होते. अडलेल्या माणसाला माहिती सर्वांत जास्त वेळा कोठून मिळे, तर सहकाऱ्याकडून. म्हणजे ज्या विचारण्यावर सगळा धंदा चालतो, तेच नव्या मुलांना येत नव्हते. आणि येणार कसे? वर्गात शेजाऱ्याला विचारले तर आम्ही त्याला कॉपी म्हणत आलो.

आता अगदी ताजे. २०२५ साली एमईटीआर या संस्थेने एक प्रयोग केला. आपापल्या प्रकल्पांत मुरलेले १६ प्रोग्रॅमर, त्यांचीच रोजची २४६ कामे. प्रत्येक कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यायची की नाही हे नाणेफेकीसारखे ठरवले. सुरुवातीला त्यांचा अंदाज होता, की मदतीने वेळ २४ टक्के वाचेल. काम झाल्यावरही ते म्हणाले, २० टक्के वाचला. घड्याळाने दाखवले, की १९ टक्के जास्त लागला होता! ही २०२५च्या सुरुवातीची साधने, ही थोडी माणसे. यावरून सगळ्या जगाचा निकाल लावू नका, असे संशोधकांनीच बजावले आहे. साधने झपाट्याने बदलतात, आकडाही बदलेल. मला त्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधली दरी महत्त्वाची वाटते. अनुभवी माणसाला स्वतःच्याच कामाला लागलेला वेळ नीट सांगता आला नाही. १९९७मध्ये नाही, २०२५मध्येही नाही.

हे सगळे मी का उगाळत बसलो आहे? कारण यावर माणसांची पोटे अवलंबून आहेत. भाचीच्या आधीच्या एका कंपनीत (नाव मुद्दाम देत नाही) वर्षाअखेरीचा शेरा कोणी किती कामे 'बंद' केली या आकड्यावर ठरे. नवी मुले अडली की हिच्याकडे येत आणि ही शिकवत बसे. त्यांची कामे बंद होत, हिची मागे पडत. त्यांना चांगला शेरा मिळाला, हिला मध्यम. तिने नोकरी बदलली. पुढे त्या मुलांनी कोणाला विचारले असेल? खाऊची यंत्रे हलवली गेली, एवढेच मी म्हणेन.

आज कंपन्या ठरवताहेत, की यंत्र लिहून देते तर नवी मुले हवीत कशाला, अनुभवी तरी किती हवीत. प्रोग्रॅमरचे काम म्हणजे लिहिणे, असे धरले तर हा हिशेब बरोबर वाटतो. पण ज्यांनी शेजारी बसून पाहिले ते सगळे सांगतात, की लिहिणे हा त्या कामाचा एक तुकडा आहे. शोधणे, विचारणे, समजावणे, वाट पाहणे, गिऱ्हाइकाला खरे काय हवे ते ओळखणे, हे उरलेले आठ तास. ते कोणाच्याच नोंदीत नसतील, तर कात्री पहिली तिथेच लागणार.

आयटीतल्या वाचकांना, आणि विशेषतः आमच्या गोतावळ्यातल्या मुलामुलींना, एक विनंती आहे. एका दिवसाची नोंद ठेवा आणि मला पाठवा. संध्याकाळी आठवून नको, घडेल तसे लिहायचे. कोणाला काय विचारले, कोणी तुम्हाला काय विचारले, वाट कशाची पाहिली. कंपनीचे गुपित नको, नावे नकोत. मराठी माणसाने शेती, गिरणी, शाळा यांच्याबद्दल भरपूर लिहून ठेवले आहे. हिंजवडीतल्या एका साध्या मंगळवारी नक्की काय काम झाले, हेही कोणीतरी लिहून ठेवायला हवे. पन्नास वर्षांनी इतिहास शिकवणाऱ्याला ते लागेल. तेव्हा त्याच्या हाती नुसती टाचणवही पडू नये.

तपशिलात कुठे उणे-अधिक झाले असेल तर जाणकारांनी सांगावे.